तळें पुन्हां नांदतें कसें होतें?

सरकारी कागदपत्रांत 'मामा तलाव' असा एक शब्द आढळतो. पुण्यामुंबईच्या माणसाला तो ऐकून हंसूं येईल. हा मामा कोणाचा नातलग नव्हे. 'माजी मालगुजारी' या दोन शब्दांच्या आद्याक्षरांपासून तो बनला आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पूर्व विदर्भांतील जिल्ह्यांत असे हजारों तलाव आहेत. जो तलाव बांधील त्याला जमीन मिळेल, या गोंड राजांच्या उत्तेजनामुळें त्यांतील पुष्कळ निर्माण झाले. जमिनीचा उतार पाहून पाळ घालण्यांत कोहळी समाजाचा हातखंडा होता. नवेगांवबांधचा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी यांच्या नांवाशीं जोडला जातो.

१९५० च्या कायद्यानें पुढल्याच वर्षीं मालगुजारी संपली. ती पद्धत गेली हें योग्यच झालें. परंतु तिच्याबरोबर तलाव सरकारी खात्यांवर चढले आणि गांवाचा हात त्यांवरून हळूहळू सुटला. आज ते पुन्हां नांदते करण्याची खटपट चालली आहे. ती समजण्यासाठीं तळें म्हणजे काय तें आधीं पाहूं.

मुलांना तळें काढावयास सांगितलें तर तीं निळा रंग फांसून त्यावर एक कमळ ठेवतात. खऱ्या तळ्यांत वनस्पतींचे निदान तीन पट्टे असतात. कांठच्या उथळ पाण्यांत लव्हाळ्यासारख्या वनस्पति उभ्या असतात. त्यापुढें, मुळें चिखलांत आणि पानें पाण्यावर, अशी कुमुदिनी व तिच्या जातभाई. त्याहून खोल पाण्यांत हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया यांसारख्या पूर्ण बुडालेल्या वनस्पति. या पाण्यांत प्राणवायु सोडतात. त्यांच्या आडोशानें मासे अंडीं घालतात व पिलें लपतात. कांठच्या कंदांवर पाणपक्षी चरतात. महाराष्ट्रांत आतां थोडेच उरलेले सारस पक्षी ह्याच भागांत दिसतात.

ही व्यवस्था तीन प्रकारें बिघडली. पहिला प्रकार 'बेशरम' या झुडपाचा. तें मूळचें दक्षिण अमेरिकेंतलें. गुरें त्याला सहसा तोंड लावीत नाहींत, आणि तोडलेली कांडी चिखलांत पडली तरी मूळ धरते. दुसरा प्रकार माशांचा. अधिक उत्पन्नाच्या आशेनें रोहू, कटला, मृगळ यांचें बीज तलावांत सोडण्यांत येऊं लागलें. हे वाहत्या नदीच्या पुरांत अंडीं घालणारे मासे. सांचलेल्या पाण्यांत त्यांची वीण सहसा होत नाहीं, म्हणून बीज वारंवार विकत आणावें लागतें. कोठें कोठें गवत्या मासा सोडला, तो तर पाणवनस्पतीच फस्त करतो. निवारा गेल्यावर मरळ, शिंगी, मागूर हे तलावांतच वाढणारे मासे रोडावले, आणि त्यांवर जगणाऱ्या ढिवर समाजाचें जाळें हलकें झालें.

तिसरा प्रकार उपाय म्हणून आला. यंत्रानें सारा गाळ उपसला कीं त्याबरोबर बीं आणि कंदही जातात. कांठ सरळ कापला कीं जेथें ऊन तळापर्यंत पोंचतें ती उथळ जागाच राहत नाहीं. पाणी अधिक सांठतें, पण त्यांत रुजावयास जागा उरत नाहीं.

भंडारा निसर्ग व संस्कृति अभ्यास मंडळ या संस्थेनें ढिवरांना बरोबर घेऊन निराळी वाट धरली. कोणती वनस्पति किती खोलीवर येते आणि कोणता मासा तिच्या आश्रयास राहतो, हें ढिवरांस ठाऊक होतें. त्यावर कामाची आंखणी झाली. उन्हाळ्यांत तळ उघडा पडला कीं बेशरम मुळासकट खणून काढावयाची. मग तळ नांगरावयाचा, कारण घट्ट झालेल्या मातींत कोवळें मूळ शिरत नाहीं. पावसानें चिखल झाला कीं ज्या तलावांत जुन्या वनस्पति शिल्लक आहेत तेथून रोपें व कंद आणून आपापल्या खोलीवर लावावयाचे. लागवड धरल्यावर देशी मासे सोडावयाचे, गवत्याला मज्जाव करावयाचा, आणि विणीच्या दिवसांत जाळें आवरावयाचें.

यांतलें शेवटचें काम सर्वांत अवघड. ज्याचें पोट जाळ्यावर आहे त्यानें तें आवरावें, तर पुढें मासा आपल्यालाच मिळेल ही खात्री त्याला हवी. तलावाचा ठेका उद्यां दुसऱ्याकडे जाणार असेल तर आज चिखलांत उतरून रोप कोण लावील? शिवाय धानाच्या शेतकऱ्याला पाणी शेवटच्या थेंबापर्यंत हवें असतें, आणि ढिवराला माशांपुरतें तरी तलावांत राहावयास हवें असतें. हा तंटा यंत्रानें मिटत नाहीं. त्यासाठीं गांवालाच एकत्र बसावें लागतें. कांहीं गांवीं ढिवर स्त्रिया यासाठीं पुढें आल्या. एरव्हीं ज्यांना मच्छीमार संस्थांत फारसें स्थान नसे, त्यांनीं ग्रामसभेंत आग्रह धरला आणि नांगरणी व लागवड रोजगार हमीच्या मजुरींतून करून घेतली. वनांतील व वनालगतच्या गांवांसाठीं २००६ च्या वनहक्क कायद्यानें पाणवठ्यांतील माशांवरील सामुदायिक हक्क मान्य केला आहे, त्याचें महत्त्व येथें ध्यानांत येईल.

आपल्या शहरांतही तळीं आहेत. त्यांपैकीं एखाद्याभोंवतीं दगडी भिंत, कारंजें आणि दिव्यांची रांग यांचा बेत ठरेल, तेव्हां आपण दोन प्रश्न अवश्य विचारावेत. उथळ कांठ शाबूत राहणार आहे काय? आणि त्या पाण्यावर ज्यांचें पोट आहे, त्यांस कोणीं विचारलें आहे काय?