पाय टेकला की दंड

रॉयल एन्फील्डने मार्च 2019 मध्ये भारतात ‘बुलेट ट्रायल्स’ नावाची गाडी आणली. 350 आणि 500 सीसी, रंगीत फ्रेम, वर उचललेला सायलेन्सर, एकट्यापुरती सीट आणि गाठीगाठींचे टायर. ती फार काळ टिकली नाही, पुढच्याच वर्षी बंद झाली. बुलेटची आणखी एक नटवलेली आवृत्ती, एवढीच तिची दखल घेतली गेली. नावामागचा इतिहास मात्र खरा होता. स्कॉटलंडमध्ये दर मे महिन्यात ‘स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल’ नावाची स्पर्धा भरते. 1952 आणि 1957 साली ती जॉनी ब्रिटन या इंग्रज स्वाराने जिंकली, आणि दोन्ही वेळा त्याच्या मांडीखाली इंग्लंडातल्या रेडिच इथे बनलेली 350 सीसी बुलेट होती. त्या काळात या खेळात मागच्या चाकाला स्प्रिंग नसलेल्या ताठ फ्रेमवरच भरवसा ठेवला जाई. एन्फील्डने मागे स्विंगआर्म आणि शॉकअप लावलेली बुलेट 1948 साली ट्रायलमध्ये उतरवली, तेव्हा जाणकारांनी नाकं मुरडली होती.

आज तीच स्पर्धा ज्या गाड्यांवर खेळली जाते, त्यांचं वजन 70 किलोंच्या आसपास असतं. सीट जवळजवळ नसतेच. टाकीत दोन-अडीच लिटर पेट्रोल मावतं. अशी गाडी घ्यायची कशी, सांभाळायची कशी आणि तिच्यात सुधारणा करायच्या त्या कुठवर, याची उत्तरं रस्त्यावरच्या मोटरसायकलीच्या हिशेबाने काढली तर हमखास चुकतात. कारण हा खेळच उलट्या बाजूने मांडलेला आहे.

ट्रायल म्हणजे शर्यत नव्हे. खडक, ओढे, मुळं, चिखल असलेल्या जागी फिती बांधून छोटे टप्पे आखतात. त्यांना सेक्शन म्हणतात. प्रत्येक सेक्शनपाशी एक निरीक्षक उभा असतो. आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत पाय जमिनीला लागता कामा नये. एकदा टेकला तर 1, दोनदा टेकला तर 2, त्याहून जास्त वेळा टेकला तर 3, आणि गाडी पडली किंवा फितीबाहेर गेली तर 5 दंडगुण. शेवटी ज्याचा दंड सर्वांत कमी, तो विजेता. स्कॉटिशमध्ये असे तीसेक सेक्शन रोज, सलग सहा दिवस, आणि मधली मैलोन्‌मैल वाट मुरुमाची, दलदलीची. फोर्ट विल्यम हे मुक्कामाचं गाव, शेजारी ब्रिटनमधलं सर्वांत उंच शिखर बेन नेव्हिस. रात्री सगळ्या गाड्या एका कुंपणाआड बंदोबस्तात ठेवतात. मनात आलं की जाऊन पाना फिरवला, असं तिथे चालत नाही.

सेक्शनमधला वेग चालत्या माणसाइतका. एवढ्या कमी वेगात इंजिनाची कमाल ताकद बहुतेक वेळ निजलेलीच असते. जागे असतात ते क्लच, थ्रॉटलचा पहिला वळसा, टायरमधली हवा आणि ब्रेकवरचं एक बोट. यांतली एखादी गोष्ट किंचित बिघडली तरी पाय टेकतो. त्यामुळे रस्त्याच्या गाडीत जी किरकोळ डागडुजी मानली जाते, तीच इथे खरी कामगिरी ठरते.

हे आधी ओळखलं सॅमी मिलरने. बेलफास्टच्या या स्वाराकडे ‘जीओव्ही 132’ नंबरची 500 सीसी एरियल होती. ती त्याने वर्षानुवर्षं कातत नेली. फायबरग्लास आणि हलके धातू वापरून, जिथे कमी करता येईल तिथे वजन कमी करत त्याने ती 110 किलोंच्या आसपास आणली आणि 1962 व 1964 ची स्कॉटिश तिच्यावर जिंकली. मग स्पेनच्या बुल्टाको कंपनीचे मालक फ्रान्सिस्को बुल्टो यांनी त्याला बोलावलं. त्यातून 1964 मध्ये 244 सीसीची, टू-स्ट्रोक, नव्वदेक किलोंची ‘शेर्पा टी’ तयार झाली. पुढच्याच वर्षी मिलरने तिच्यावर स्कॉटिश जिंकली. मोठ्या ब्रिटिश फोर-स्ट्रोक गाड्यांची सद्दी त्यानंतर काही वर्षांतच संपली. 1975 मध्ये जागतिक अजिंक्यपद सुरू झालं, तेव्हा पहिला विजेता मार्टिन लॅम्पकिन बुल्टाकोवरच होता.

दुसरी कलाटणी सायकलने दिली. कातालोनियाचा जॉर्डी तारेस सायकल ट्रायलमधून आला. जागेवर उड्या मारत चाक सरकवणं, गाडी एका चाकावर तोलून वळवणं ही सायकलवरची हुन्नर त्याने मोटरसायकलीवर आणली आणि 1987 ते 1995 या काळात सात वेळा जग जिंकलं. गाड्यांनी त्याच्यामागे आपला आकार बदलला. सीट खाली गेली आणि मग नाहीशी झाली, कारण स्वार बसतच नाही. फ्रेम, इंजिन सगळं आखडलं. 2007 पासून या खेळावर टोनी बोउचं राज्य आहे. मैदानी आणि बंदिस्त स्पर्धा मिळून तीसहून जास्त जागतिक किताब त्याने होंडा-मोंटेसाच्या फोर-स्ट्रोकवर मिळवले, तरी सामान्य स्वारांच्या हाती अजून बहुतांश टू-स्ट्रोकच दिसते.

आता या गाडीच्या संसाराकडे वळू. सुरुवात क्लचपासून, कारण सेक्शनमध्ये डाव्या हाताचं एक बोट त्यावर सतत खेळत असतं. थंड गाडी पहिल्या गियरमध्ये टाकली की क्लच दाबलेला असूनही ती पुढे झेप घेते. रात्रभर उभ्या गाडीत प्लेटांमध्ये तेल चिकटून बसलेलं असतं. यावर साधा उपाय असा: इंजिन बंद असताना गियर टाकावा, क्लच पूर्ण दाबावा आणि गाडी पुढेमागे हलवून प्लेटा सुट्या करून घ्याव्यात. इंजिन गरम झाल्यावरही क्लच ओढत असेल तर गियरबॉक्सचं तेल आणि प्लेटा तपासायची वेळ आली. हे तेल लिटरभरही नसतं. त्यातच क्लच दिवसभर घासतो, म्हणून ते लवकर काळवंडतं आणि वारंवार बदलावं लागतं. क्लच हायड्रॉलिक असतो. काही लिव्हरांत मिनरल ऑइल चालतं, काहींत डॉट 4 ब्रेक ऑइल. झाकणावर काय लिहिलं आहे ते न वाचता एकाच्या जागी दुसरं ओतलं तर आतले रबरी सील फुगतात आणि सगळी जोडणी बाद होते.

मग टायर. मागच्या टायरमध्ये 4 ते 5 पीएसआय हवा, पुढच्यात साधारण 6. रस्त्यावरच्या मोटरसायकलीत तीसच्या घरात हवा भरणाऱ्याला हे पंक्चरच वाटेल. एवढ्या कमी हवेत टायरची मऊ भिंत दगडाला कवेत घेते आणि पकड मिळते. पेट्रोल पंपावरचं मीटर या पातळीला भरवशाचं नसतं. कमी दाबाचं वेगळं मीटर घ्यावंच लागतं, कारण एक पीएसआयचा फरकही ओल्या खडकावर लगेच जाणवतो. मागचा टायर ट्यूबलेस असतो, पुढच्यात ट्यूब असते. मागच्याच्या ठोकळ्यांच्या धारा एका बाजूने गोल झाल्या की तो रिमवर उलटा फिरवून बसवतात आणि न झिजलेली धार कामाला लावतात.

एअर फिल्टर फोमचा असतो आणि मागच्या चाकाच्या अगदी पुढ्यात बसतो, म्हणजे चिखल-पाण्याच्या वाटेत. तो धुऊन, पूर्ण वाळवून, फिल्टरचं तेल मुरवून बसवायचा आणि कडेला ग्रीसचा हात फिरवायचा. प्रेशरच्या पाण्याने गाडी धुताना सायलेन्सर आणि फिल्टरची तोंडं बंद ठेवायची आणि धार बेअरिंगवर कधीच मारायची नाही. स्विंगआर्मखालची लिंकेज सर्वांत जास्त पाणी-माती खाते आणि सर्वांत कमी वेळा उघडली जाते. ती खोलून, पुसून, नवं ग्रीस भरून बसवली की मागचं सस्पेन्शन पुन्हा मऊ चालू लागतं. अनेकांना वाटतं शॉकअप गेला, प्रत्यक्षात गंजलेली असते सुईबेअरिंग.

कार्बोरेटरमध्ये इथे राज्य पायलट जेटचं, कारण थ्रॉटल बहुतेक वेळ जेमतेम उघडलेला असतो. त्या जेटचं भोक बारीक. महिनाभर उभ्या गाडीत पेट्रोल वाळून तिथेच चिकट थर बसतो आणि मग गाडी कमी वेगावर अडखळते. गाडी उभी ठेवण्याआधी कार्बोरेटर रिकामा केला की हा त्रास टळतो. जुनी टू-स्ट्रोक स्कूटर चालवलेल्यांना पेट्रोलात ऑइल मिसळणं आठवत असेल. तेच इथेही करायचं असतं, फक्त आजचं सिंथेटिक ऑइल बरंच कमी लागतं आणि प्रमाण गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवायचं. इंजिन फार फिरत नसल्यामुळे पिस्टन-रिंग मोटोक्रॉसच्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त टिकतात. खर्च तिथे होत नाही, तो होतो बेअरिंग, लिव्हर आणि प्लास्टिकवर. म्हणून लिव्हरांचे क्लॅम्प मुद्दाम घट्ट आवळत नाहीत. गाडी पडली की लिव्हर फिरतो, तुटत नाही.

सुधारणांची यादी करताना बहुतेकांची नजर सायलेन्सर, टायटॅनियमचे बोल्ट आणि कार्बन फायबरकडे जाते. या गोष्टी दिसतात छान, पण नवख्याचा पाय त्यांनी एकदाही कमी टेकत नाही. पहिला पैसा नव्या मागच्या टायरवर घालावा. दुसरा आपल्या वजनाला साजेशा स्प्रिंगवर, कारण कंपनीने बसवलेल्या स्प्रिंग एका ठरावीक वजनाचा स्वार धरून असतात. हँडल आणि लिव्हर आपल्या उंचीला लावून घ्यायला तर पैसेही लागत नाहीत, फक्त एक संध्याकाळ लागते. खरी गंमत पुढे आहे. या खेळात लोक पैसे देऊन गाडी मवाळ करून घेतात. मनगट तेवढंच फिरवलं तरी थ्रॉटल कमी उघडेल अशी संथ नळी बसवतात. फ्लायव्हीलवर जादा वजन चढवतात, म्हणजे इंजिन झटका न देता फिरत राहतं आणि लवकर बंदही पडत नाही. काही जण सिलिंडर हेडखाली जाड पॅकिंग घालून कॉम्प्रेशन उतरवतात. या तीन बदलांनी 300 सीसीची बेलगाम गाडी माणसाळते. मनगटाला बांधलेल्या दोरीची चुंबकी किल-स्विच नसेल तर ती सगळ्यांच्या आधी बसवावी. स्वार पडला की दोरी सुटते आणि इंजिन थांबतं.

आता निवड. 125 सीसीची गाडी मुलांना आणि हलक्या स्वारांना ठीक. मोठ्या माणसाला तिच्यात खालचा जोर मिळत नाही, मग सतत क्लच सोडत-दाबत राहावं लागतं. 300 सीसीला जोर भरपूर, पण दमलेल्या हाताची एक चूक ती दुप्पट करून परत देते. सर्वसाधारण वजनाच्या नवख्याला 250 सीसी सर्वांत सोसते. फोर-स्ट्रोकची ओढ एकसंध, पण गाडी थोडी जड आणि इंजिनात तेल अगदी कमी, त्यामुळे ते बदलण्याचा नेम चुकवून चालत नाही. बॅटरीवरच्या गाड्याही आता आहेत. त्यांच्यासाठी एफआयएम या आंतरराष्ट्रीय मोटरसायकल महासंघाने 2017 पासून वेगळी स्पर्धा सुरू केली.

ब्रँड निवडताना रंगाआधी सुट्या भागांचा विचार करावा. बेटा इटलीची, शेर्को फ्रान्सची, मोंटेसा होंडाच्या छत्राखालची. टीआरएस या कंपनीच्या उभारणीत स्वतः जॉर्डी तारेसचा हात होता. कातालोनियातल्या गिरोना प्रांतात 1985 साली सुरू झालेली गॅसगॅस 2019 मध्ये केटीएमच्या समूहाकडे गेली. त्याच केटीएमचे पैसे संपल्यावर 2025 मध्ये तिला सावरायला पुण्याची बजाज ऑटो पुढे आली. म्हणजे स्पेनच्या खडकांवर वाढलेल्या एका ट्रायल्स ब्रँडचं भवितव्य आता काही प्रमाणात बजाजच्या आकुर्डीतल्या मुख्यालयात ठरणार.

जुनी गाडी घ्यायची तर ती थंड असतानाच बघायला जावं. आधीच गरम करून ठेवलेली गाडी संशयास्पद. मागचं चाक वर उचलून हलवावं, लिंकेजमध्ये खडखड आली तर किंमत उतरवावी. इंजिनाखालची अॅल्युमिनियमची पत्री ठोके खाण्यासाठीच असते, पण तिच्या आड फ्रेमच्या नळ्या चेपल्या आहेत का ते पाहावं. गियरबॉक्सचं तेल दुधाळ दिसलं तर पाणी आत शिरलं आहे. किक हलकेच दाबून दात नीट अडकतात का ते तपासावं. मग विकणारा सवयीने म्हणेल, “इंजिन कसं ओढतंय बघा!” तेव्हा त्याला सांगावं, पहिल्या गियरमध्ये, चालत्या माणसाच्या वेगाने, हँडल पूर्ण वळवून ही गाडी एका जागी फिरवून दाखवा. धक्का न बसता, इंजिन बंद न पडता ती फिरली, तर पैसे मोजायला हरकत नाही.