डार्लिंग कोणी कुणाला म्हणावं?

‘डार्लिंग’ हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोहोचला तो मुख्यतः सिनेमामुळे, आणि आला तोच प्रियकर-प्रेयसीचा म्हणून. त्यामुळे वडीलधारी मंडळी समोर बसलेली असताना बायकोला डार्लिंग म्हणणारा मराठी नवरा आजही विरळाच. खुद्द इंग्रजीत मात्र हा शब्द हजार वर्षांहून जुना आहे. त्याच्या जुन्या वापरात प्रणयापेक्षा जास्त दिसतो तो धनी आणि त्याच्या मर्जीतला माणूस.

जुन्या इंग्रजीत त्याचं रूप होतं ‘देओरलिंग’. पहिला भाग म्हणजे आजचा ‘डिअर’: प्रिय आणि महाग, दोन्ही. दुसरा भाग, ‘लिंग’ हा प्रत्यय, जास्त बोलका आहे. बदकाचं पिल्लू डकलिंग, हंसाचं पिल्लू गॉसलिंग. याच प्रत्ययाने दुसऱ्याच्या आश्रयाने राहणारी माणसंही घडवली: पोसायला घेतलेलं मूल फॉस्टरलिंग, हाताखालचा माणूस अंडरलिंग, भाडोत्री माणूस हायरलिंग. म्हणजे डार्लिंगमध्ये माया आहे, आणि त्या मायेत एक जण मोठा, एक जण लहान हेही आहे. आपण लाडाने ‘पिल्लू’ म्हणतो तेव्हा नेमकं हेच करत असतो.

याचा सर्वांत लख्ख दाखला सापडतो नवव्या शतकातल्या इंग्लंडचा राजा आल्फ्रेड याच्या नावावर असलेल्या एका अनुवादात. मूळ लॅटिन ग्रंथ रोमन तत्त्वज्ञ बोएथियसचा. त्याच्या राजाने दिलेली शिक्षा भोगत असताना तुरुंगात लिहिलेला. सत्ताधाऱ्यांची मैत्री किती बेभरवशाची असते हे सांगताना त्यात पापिनियनचं उदाहरण येतं. पापिनियन हा रोमचा थोर कायदेपंडित. सम्राट काराकल्लाच्या हुकमाने इ. स. २१२ मध्ये त्याला ठार मारण्यात आलं. इंग्रजी अनुवादात हा पापिनियन सम्राटाच्या सगळ्या ‘देओरलिंगां’मध्ये सर्वांत लाडका म्हटला आहे. ज्याने जवळ केलं, त्याच्याच हुकमाने जीव गेला. राजाची मर्जी बसणं आणि खप्पा होणं हे आपल्या बखरींनाही नवं नाही. पण या शब्दाच्या इतक्या जुन्या वापरात ते सापडावं, याने मी थबकले.

पुढच्या शतकाच्या अखेरीस एल्फ्रिक नावाचा धर्मोपदेशक येशूच्या योहान या शिष्यासाठी हाच शब्द वापरतो. इथे धनी देवच आहे, त्यामुळे लाडकेपणाला धोका नाही. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये बाविसाव्या स्तोत्रातला भक्त, कुत्र्यांच्या तावडीतून माझ्या डार्लिंगला सोडव, अशी विनवणी करतो. तिथे डार्लिंग म्हणजे त्याचा स्वतःचा एकुलता एक जीव.

डार्लिंग हे आडनावही आहे, आणि त्या आडनावाचा एक धागा मराठी मुलखाशी जुळतो. माल्कम डार्लिंग हे आयसीएस अधिकारी. पंजाबातल्या शेतकऱ्यांच्या कर्जबाजारीपणावरचं त्यांचं १९२५ चं पुस्तक अर्थशास्त्राचे अभ्यासक आजही वाचतात. त्याआधी देवासच्या थोरल्या पातीचे तरुण राजे तुकोजीराव पवार यांचे ते शिक्षक होते. हे तुकोजीराव कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे जावई. डार्लिंग यांच्याच ओळखीने कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर देवासला आले आणि १९२१ मध्ये राजांचे खासगी चिटणीस झाले. त्या मराठा दरबाराच्या आठवणी त्यांनी पुढे ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकात छापल्या.

आजच्या इंग्लंडमध्ये हा शब्द कितीतरी जणांच्या तोंडी असतो. आई पडलेल्या मुलाला उचलताना म्हणते, साठी उलटलेली जोडपी चहाचा कप पुढे करताना म्हणतात. नाटकवाले तर सर्रास म्हणतात; टलुला बँकहेड ही अमेरिकन नटी सगळ्यांनाच ‘डाहलिंग’ म्हणण्यासाठी प्रसिद्ध होती. काम सांगायचं असेल तर, डार्लिंगसारखा वाग आणि तेवढं दार लाव, अशीही बोलायची रीत आहे. लंडनच्या बाजारात भाजीवाला सुटे पैसे हातावर ठेवताना ‘डार्लिन’ म्हणून मोकळा होतो. उच्चारात र नाही, शेवटचा ग नाही, आणि नजर एव्हाना पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलेली. आपला भाजीवाला ‘ताई’, ‘मावशी’ म्हणतो, तितकंच त्याचं वजन. तरीही तिथल्या अनेक बायकांना, विशेषतः कचेरीत साहेबाच्या तोंडून, हा शब्द खटकतो. मला त्यांचं म्हणणं पटतं. साहेब हाताखालच्या बाईला डार्लिंग म्हणतो तेव्हा प्रत्ययातला तो मोठा-लहान भेद पुन्हा डोकं वर काढतो.

आपल्या देशात हा प्रश्न थेट कोर्टात गेला. अंदमानातल्या मायाबंदर भागात दुर्गापूजेच्या तोंडावर पोलिसांची तुकडी बंदोबस्ताला निघाली होती. अंधार होता म्हणून तुकडीतली एक महिला पोलीस एका दुकानासमोर रस्त्यावरच्या दिव्याखाली उभी होती. दारू प्यायलेल्या एका माणसाने तिला विचारलं, काय डार्लिंग, चलान करायला आलीस का? प्रकरण कलकत्ता उच्च न्यायालयापर्यंत गेलं. मार्च २०२४ मध्ये न्यायमूर्ती जय सेनगुप्ता यांनी निकाल दिला: अनोळखी स्त्रीला, मग ती पोलीस असो वा नसो, रस्त्यात डार्लिंग म्हणणं अपमानकारक आहे, आणि तेव्हा लागू असलेल्या भारतीय दंडविधानाच्या कलम ३५४-अ खाली ते लैंगिक शेरेबाजीत मोडतं. आरोपी शुद्धीत असता तर गुन्हा आणखी गंभीर ठरला असता, असंही त्यांनी नोंदवलं. तीन महिन्यांची शिक्षा एका महिन्यावर आली, दोष कायम राहिला.

एका शब्दासाठी कैद, असं म्हणून काहींना हा निकाल कडक वाटेल. मला तो रास्त वाटतो. लंडनच्या भाजीवाल्याला गिऱ्हाईक बाई हसून उलट ‘थँक्यू डार्लिन’ म्हणू शकते आणि दोघंही आपापल्या कामाला लागतात. दिव्याखाली कामावर उभ्या असलेल्या त्या पोलीस बाईला तशी सोय नव्हती. समोरच्याने तिची वर्दी एका शब्दात बाजूला सारली होती, आणि ती त्याची कोणी लागत नव्हती.