कवींद्राचार्य सरस्वती आणि दिल्लीची राजसत्ता

संस्कृत पोथ्यांचा संग्रह करणारांस एखाद्या पोथीच्या मुखपत्रावर ‘सर्वविद्यानिधानकवीन्द्राचार्यसरस्वतीनाम्’ अशीं अक्षरें व त्यांजबरोबर ग्रंथाचें नांव लिहिलेलें क्वचित् आढळतें. ग्रंथाचा कर्ता दुसराच असतो. त्याचा काळही पुष्कळदां फार मागचा असतो. मग हें नांव तेथें कां, अशी शंका साहजिकच येते. तिचें उत्तर सोपें आहे. येथील षष्ठी विभक्ति स्वामित्वदर्शक व बहुवचन आदरार्थीं असून, पोथी कवींद्राचार्यांच्या संग्रहांतील आहे एवढाच तिचा अर्थ. परंतु ‘सर्वविद्यानिधान’ ही पदवी त्यांस कोठून मिळाली हें पाहूं लागलें म्हणजे विद्वान् आणि राजसत्ता यांच्या संबंधाचें एक बोलकें प्रकरण हातीं येतें. तें प्रस्तुत लेखांत थोडक्यांत मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कवींद्राचार्य हे मूळचे गोदातीरींचे, ऋग्वेदी आश्वलायन शाखेचे ब्राह्मण. संन्यास घेऊन ते काशीस राहिले व तेथील पंडितमंडळींत अग्रस्थानीं गणले गेले. त्या काळीं काशी व प्रयाग या क्षेत्रीं जाणाऱ्या यात्रेकरूंवर सरकारी कर होता. अकबरानें १५६३ च्या सुमारास यात्राकर माफ केला होता खरा. पण एका बादशहाची माफी पुढच्या अंमलांत टिकेलच असें नव्हे. शाहजहानच्या कारकीर्दींत (१६२८–१६५८) कवींद्राचार्य दरबारीं गेले, त्यांनीं आपल्या विद्वत्तेनें बादशहाचें मन वळविलें आणि हा कर उठविला. ‘सर्वविद्यानिधान’ ही पदवीही त्यांस शाहजहानकडूनच मिळाली असें मानतात.

या कार्याबद्दल पंडितांनीं त्यांस जीं गद्यपद्यात्मक मानपत्रें अर्पण केलीं, त्यांचा संग्रह ‘कवीन्द्रचन्द्रोदय’ या नांवानें प्रसिद्ध आहे. तो १९३९ सालीं पुण्यास छापला गेला. ब्रजभाषेंतील कवींनीं केलेल्या स्तुतीचा असाच दुसरा संग्रह ‘कवीन्द्रचन्द्रिका’ हा होय. हे दोन्ही ग्रंथ स्तुतिपर आहेत एवढ्यावरून ते इतिहासास निरुपयोगी ठरत नाहींत. स्तुतीचें सामान्य स्वरूप असें कीं, आश्रित बोलतो व आश्रयदाता ऐकतो. येथें मात्र पंडित स्तुति करीत आहेत ती बादशहाची नव्हे, तर आपल्यांतीलच एका संन्याशाची. आणि तीही त्यानें स्वतःसाठीं कांहीं मिळविलें म्हणून नव्हे, तर सर्व यात्रेकरूंवरील भार उतरविला म्हणून. स्तुतिग्रंथ हातीं आला असतां ‘कोण कोणाची स्तुति करतो, आणि कशाबद्दल’ हें आधीं पाहावें, असें आम्ही सुचवूं.

स्वतः कवींद्राचार्यांनीं बादशहापुढें कोणती वाणी योजिली हेंही लक्षांत घेण्याजोगें आहे. त्यांचा ‘कवीन्द्रकल्पद्रुम’ संस्कृतांत आहे, तर शाहजहानची स्तुति ज्यांत आली आहे तो ‘कवीन्द्रकल्पलता’ हा ग्रंथ ब्रजभाषेंत आहे. मोगल दरबारांत ब्रजभाषेचें काव्य व गायन आवडीनें ऐकलें जात असे. ज्यास कांहीं मागावयाचें आहे त्यानें ऐकणाराच्या भाषेंत बोलावें, हें व्यवहारज्ञान या संन्याशापाशीं होतें.

आतां येथें एक शंका उपस्थित होते. संन्याशानें भिक्षेवर निर्वाह करावा असा शास्त्राचा दंडक. त्यांतून क्षत्रियवंशांत न जन्मलेल्या, तसेंच लोभी व शास्त्रमर्यादा सोडून वागणाऱ्या राजाकडून प्रतिग्रह घेणें मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायांत स्पष्टपणें निंदिलें आहे. असें असतां काशीच्या पंडितांनीं कवींद्राचार्यांस दोष न देतां मानपत्रें कां दिलीं? आमच्या मतें त्याचें कारण असें. करमाफी हा प्रतिग्रह नव्हे. ती परोपकारार्थ केलेली याचना होय. पदवी हा सन्मान होय. प्रतिग्रहाचा प्रश्न खरा उद्भवतो तो वेतनाविषयीं.

या वेतनाची हकीकत फ्रेंच प्रवासी बर्निए याच्या लेखांत मिळते. १६६७ सालीं शिराझहून लिहिलेल्या पत्रांत त्यानें काशीच्या एका प्रमुख पंडिताचें वर्णन केलें आहे. नांव दिलेलें नाहीं. मात्र तो पंडित संन्यस्त होता, शाहजहाननें त्यास २,००० रुपयांचें वेतन दिलें होतें व तें औरंगझेबानें गादीवर येतांच बंद केलें, हें त्यानें सांगितलें आहे. औरंगझेबास आपली धर्मनिष्ठा दाखवावयाची होती, असें बर्निए याचें कारण देतो. कमरेस पांढरें रेशमी वस्त्र व खांद्यावर तांबडें रेशमी उपरणें अशा वेषांत या पंडितास आपण दिल्लीस उमरावांच्या सभेंत व बादशहासमोर पाहिलें होतें, असेंही तो म्हणतो. हें वर्णन कवींद्राचार्यांचेंच होय, असें परशुराम कृष्ण गोडे यांनीं साधार प्रतिपादिलें असून तें आम्हांस मान्य आहे.

याच पत्रांत पुढें असें आहे कीं, वेतन पुन्हा सुरू व्हावें या आशेनें हा पंडित बर्निएचा धनी दानिशमंदखान याजकडे वर्षभर येत-जात होता. कवींद्राचार्यांचा गौरव करणारे हा भाग बहुधा गाळतात; पण तो गाळणें योग्य नव्हे. ज्यानें सर्वांसाठीं माफी मिळविली, त्यासच पुढें स्वतःच्या वेतनासाठीं उमरावाचें दार धरावें लागलें. राजाश्रयाचें खरें स्वरूप येथें दिसतें. तो व्यक्तीच्या मर्जीवर उभा असतो. मर्जी बदलली कीं विद्वत्ता तीच राहूनही आश्रय जातो. मात्र ही खटपट केवळ देहपोषणासाठीं होती असेंही आम्हांस वाटत नाहीं. बर्निए काशीस गेला तेव्हां याच पंडितानें त्यास ग्रंथालयांत नेऊन सहा विद्वानांची गांठ घालून दिली. एवढा मोठा ग्रंथसंग्रह राखावयाचा, नकला करवावयाच्या, तर द्रव्य हवेंच.

त्या संग्रहाची यादी ‘कवीन्द्राचार्यसूचीपत्र’ या नांवानें १९२१ सालीं बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत छापली गेली. तींत २,००० हून अधिक नोंदी असून वेद, दर्शनें, धर्मशास्त्र, वैद्यक, ज्योतिष इत्यादि सर्व शास्त्रें आलीं आहेत. पुढें तो संग्रह फुटला. त्यांतील पोथ्या आज बिकानेरच्या अनूप संस्कृत ग्रंथालयांत व इतरत्र विखुरलेल्या सांपडतात.

याच शतकांतील दोन उदाहरणें तुलनेस घेतां येतील. जगन्नाथानें शाहजहानकडून ‘पंडितराज’ ही पदवी मिळविली व ‘आसफविलास’ रचून वजीर आसफखानाची कीर्ति गाइली. मूळ पैठणच्या भट्ट घराण्यांतील गागाभट्टानें काशीहून येऊन १६७४ सालीं रायगडावर शिवछत्रपतींस राज्याभिषेक केला. पहिल्यानें सत्तेस शोभा दिली, दुसऱ्यानें नव्या सत्तेस शास्त्राचा आधार दिला. कवींद्राचार्यांनीं प्रस्थापित सत्तेकडून प्रजेचें एक दुःख दूर करून घेतलें. तिघेही काशीशीं व राजद्वाराशीं संबद्ध. पण तिघांचे मार्ग भिन्न. म्हणून ‘राजाश्रित’ या एकाच शब्दांत सर्वांस गोवणें हें इतिहासास धरून होणार नाहीं.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. पोथीचें पहिलें पान जीर्ण व मळकट झालेलें असतें. पुष्कळदां तें टाकून देतात, किंवा सूचींत केवळ ग्रंथाचें व कर्त्याचें नांव उतरून घेतात. स्वामित्वाच्या खुणा असतील तशाच, अक्षरशः, नोंदवाव्या. वेतन एका हुकुमानें गेलें, संग्रह फुटला. पण कोणती पोथी कवींद्राचार्यांच्या हाताखालून गेली हें सांगणारी ती एक ओळ अजून शिल्लक आहे. तें पान गेलें तर हा पुरावाही जाईल.