झूम लेन्समधील स्वयंकेंद्रीकरणाच्या अडचणी : कारणे, निदान व उपाय

प्रस्तावना :

महाविद्यालयीन संशोधनात छायाचित्राला आज प्राथमिक पुराव्याचे स्थान प्राप्त झाले आहे. वनस्पतिशास्त्राचे क्षेत्रकार्य, शिलालेखांचे वाचन, लोककलांचे दस्तऐवजीकरण अशा अनेक कामांत अभ्यासकाची भिस्त छायाचित्रावर असते. सह्याद्रीतील कारवी साधारणतः सात वर्षांतून एकदा फुलते. त्या वेळी घेतलेली छायाचित्रे अस्पष्ट निघाली, तर ती नोंद पुन्हा मिळविण्यासाठी तितकीच वर्षे थांबावे लागते. अशा प्रसंगी दोष बहुधा लेन्सच्या माथी मारला जातो. लेन्स दुरुस्तीस जाते किंवा विभागाच्या कपाटात पडून राहते. वास्तविक यांतील अनेक अडचणी वापरकर्त्यास स्वतः ओळखता व दूर करता येतात. प्रस्तुत लेखात या अडचणींची कारणे व त्यांच्या निदानाचा क्रम यांचा विचार केला आहे.

स्वयंकेंद्रीकरणाचे तत्त्व :

१९७७ साली आलेला कोनिका सी-३५ एएफ हा मोठ्या प्रमाणावर उत्पादित झालेला पहिला स्वयंकेंद्री कॅमेरा होय. १९८५ मध्ये मिनोल्टा ७००० या कॅमेऱ्याने ही सोय एकभिंगी परावर्ती कॅमेऱ्यांत, म्हणजे एसएलआरमध्ये, लोकप्रिय केली. त्यात मोटर कॅमेऱ्यात होती. १९८७ मध्ये कॅननने ईओएस प्रणालीत ती लेन्समध्ये बसविली.

एसएलआर कॅमेऱ्यात मुख्यतः 'कलाभेद' पद्धती वापरली जाते. लेन्सच्या दोन विरुद्ध कडांकडून आलेल्या प्रकाशाच्या दोन प्रतिमा एका स्वतंत्र संवेदकावर पडतात. त्यांच्यातील अंतरावरून लेन्स कोणत्या दिशेला आणि किती सरकवायची हे ठरते. 'छायाभेद' पद्धतीत मुख्य संवेदकावरील प्रतिमेचा ठळकपणा कमाल होईपर्यंत लेन्स मागेपुढे हलविली जाते. पहिली पद्धत जलद आहे. परंतु तिचा संवेदक वेगळा असल्याने जुळणीत सूक्ष्म चूक संभवते. आरसाविरहित कॅमेऱ्यांत मोजमाप मुख्य संवेदकावरच होत असल्याने ही चूक बव्हंशी टळते.

झूम लेन्सची विशेष मर्यादा :

केंद्रीकरणाच्या वेळी लेन्सचे छिद्र पूर्ण उघडे असते. म्हणून वापरकर्त्याने निवडलेल्या छिद्रापेक्षा लेन्सचे कमाल छिद्र येथे महत्त्वाचे ठरते. ७०-३०० मि.मी., एफ ४-५.६ या प्रकारच्या लेन्समध्ये टोकाच्या नाभीय अंतरावर छिद्र एफ ५.६ इतके लहान होते. एफ २.८ च्या तुलनेत तेथे केवळ एक चतुर्थांश प्रकाश मिळतो. त्यावर १.४ पट वर्धक जोडल्यास परिणामी छिद्र एफ ८ होते. अनेक जुन्या एसएलआरमध्ये एफ ५.६ च्या पलीकडे स्वयंकेंद्रीकरणाची खात्री नसते. येथे लेन्स बिघडलेली नसून संवेदकास पुरेसा प्रकाश मिळत नसतो.

शिवाय अनेक झूम लेन्समध्ये नाभीय अंतर बदलले की केंद्रबिंदूही सरकतो. त्यामुळे झूम फिरविल्यावर पुन्हा केंद्रीकरण करणे आवश्यक असते.

निदानाचा क्रम :

१) लेन्स हलतच नसल्यास – प्रथम लेन्सवरील एएफ-एमएफ कळ पाहावी. त्यानंतर जुळणी तपासावी. निकॉन डी-४० (२००६) सारख्या कॅमेऱ्यात मोटर नसल्याने मोटरविरहित जुन्या लेन्स त्यावर स्वयंकेंद्रीकरण करीत नाहीत. जुळणी योग्य असल्यास कॅमेरा बंद करून लेन्सचे धातूचे संपर्कबिंदू कोरड्या, तंतू न सोडणाऱ्या कापडाने हलकेच पुसावेत व पूर्ण भारित बॅटरी घालून पाहावे.

२) लेन्स मागेपुढे फिरत राहत असल्यास – विषय लेन्सच्या किमान अंतराहून जवळ आहे का, तसेच अंतरमर्यादेची कळ चुकीच्या स्थितीत आहे का, हे पाहावे. लेण्यांतील झिजलेल्या शिलालेखांवर प्रकाश व छायाभेद दोन्ही कमी असतात. अशा वेळी अक्षराच्या ठळक कडेवर मधला केंद्रबिंदू रोखावा किंवा बाजूने मंद प्रकाश टाकावा. अर्थात स्मारकाचे प्रकाशविषयक नियम पाळूनच. काही संवेदक केवळ एकाच दिशेच्या रेषा ओळखतात. तेथे कॅमेरा आडव्याचा उभा धरल्याने काम भागते. रेषीय ध्रुवीकरण गाळणीही अडथळा आणू शकते. वर्तुळाकार प्रकार वापरावा.

३) केंद्रीकरण झाल्याचे दिसूनही चित्र अस्पष्ट असल्यास – चित्रच बारकाईने पाहावे. विषयाच्या पुढची किंवा मागची वस्तू स्पष्ट असेल, तर चूक केंद्रीकरणाची आहे. स्थिर वस्तूंसह सर्वच चित्र एका दिशेने ओढल्यासारखे दिसत असेल, तर तो हात हलल्याचा परिणाम होय. कॅमेऱ्याने आपण होऊन जवळचे गवत वा फांदी निवडली असण्याची शक्यताही मोठी असते. म्हणून केंद्रबिंदू स्वतः निवडावा.

जुळणीची चाचणी :

वरील कारणे वगळल्यावरच जुळणीतील चुकीचा विचार करावा. कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून, छिद्र पूर्ण उघडून, छापील मजकुराचा सपाट कागद लेन्सला समांतर लावावा. अंतर नाभीय अंतराच्या पंचवीस ते पन्नास पट असावे, २०० मि.मी.साठी ते ५ ते १० मीटर येते. प्रथम दृश्यदर्शकातून, नंतर पडद्यावरील थेट दृश्यातून छायाभेद पद्धतीने केंद्रीकरण करून प्रत्येकी काही छायाचित्रे घ्यावीत. दुसरा संच सातत्याने अधिक स्पष्ट आल्यास जुळणीत चूक आहे, असे समजावे. कॅमेऱ्यात सूक्ष्म समायोजनाची सोय असल्यास ती वापरावी. झूमच्या दोन टोकांना चूक भिन्न असू शकते. म्हणून चाचणी दोन्ही टोकांना करावी. एकच मूल्य देता येत असल्यास ज्या नाभीय अंतरावर अधिक काम होते त्यास प्राधान्य द्यावे.

दोन्ही संच सारखेच अस्पष्ट असल्यास, चित्राची एकच बाजू धूसर येत असल्यास किंवा लेन्स फिरताना घासल्याचा आवाज येत असल्यास मात्र लेन्स जाणकार तंत्रज्ञाकडे द्यावी. ती घरी उघडणे इष्ट नाही. कोकणासारख्या दमट प्रदेशात बुरशीने चित्राचा छायाभेद घटतो. पावसाळ्यात लेन्स सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवणे हा त्यावरील सोपा प्रतिबंध होय.

समारोप :

स्वयंकेंद्रीकरणाची अडचण विषय, प्रकाश, कॅमेरा, लेन्स व वापर यांच्या संबंधातून निर्माण होते. एका वेळी एकच घटक बदलून परिणाम पाहणे, ही प्रयोगशाळेतील शिस्त येथेही उपयोगी पडते. प्रत्येक विभागाने क्षेत्रभेटीपूर्वी ही तपासणी करून तिची नोंद ठेवल्यास अनावश्यक खर्च टळेल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, पुन्हा न मिळणारे पुरावे हातचे जाणार नाहीत.