ठाऊक नव्हते, म्हणून शिकले!

१९२२ साली स्पेनचे फादर हेन्री हेरास मुंबईत आले, तेव्हा वय ३४. सेंट झेवियर कॉलेजात इतिहास शिकवायचा होता. त्यांनी हिंदुस्थानचाच निवडला. तो ठाऊक आहे का, असे विचारताच, ‘नाही, पण शिकेन’ अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले म्हणतात.

आणि खरोखरच शिकले! १९२६ मध्ये कॉलेजातच संशोधन-संस्था काढली. १९२७ मध्ये विजयनगरच्या अरविडु घराण्यावर ग्रंथ लिहिला. नाणी, मूर्ती, जुनी पुस्तके जमवली. सिंधू लिपी वाचण्यात वर्षे घालवली. ते वाचन मात्र विद्वानांना पटले नाही.

१९५५ साली ते मुंबईतच निवर्तले. त्यांची संस्था आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. उत्तर चुकले, म्हणून अभ्यास थोडाच वाया जातो?