ठळक आकड्याने घाबरण्याआधी

रक्ततपासणीचा रिपोर्ट आता थेट मोबाइलवर येतो, डॉक्टरांच्या आधी घरच्यांच्या नजरेस पडतो. एखादा आकडा ठळक दिसला की पोटात गोळा येतो. शेजारची 'नॉर्मल' मर्यादा कशी ठरते हे कळले, तर निम्मी भीती जाते.

बहुतेक चाचण्यांत निरोगी माणसांपैकी मधल्या ९५ टक्के लोकांचे आकडे जिथून जिथपर्यंत येतात, ती ही मर्यादा. म्हणजे शंभर निरोगी माणसांतल्या पाच जणांचा आकडा तिच्याबाहेर असतोच. एकदम २० चाचण्या केल्या, तर एखादा आकडा ठळक येण्यात नवल नाही. किंचित बाहेर गेलेला एकटा आकडा बहुधा पुन्हा तपासून पाहण्यापुरता असतो.

साखरेच्या मर्यादा मात्र आजाराच्या धोक्यावरून ठरल्या आहेत. एचबीए१सी ५.७ ते ६.४ टक्के म्हणजे मधुमेहाची पूर्वावस्था, ६.५ पासून मधुमेह. अंगात लोह कमी असेल, तर हा आकडा उगीच वाढलेला दिसू शकतो. म्हणून सोबत हिमोग्लोबिनही पाहावे. ते पुरुषांत १३ आणि गरोदर नसलेल्या स्त्रियांत १२ ग्रॅमच्या खाली गेले, तर रक्तक्षय समजतात. त्यासोबत एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचे आकारमानही कमी असेल, तर लोहाची कमतरता किंवा थॅलेसेमियाचा अंश असू शकतो.

इथे मनाने गोळ्या सुरू करू नयेत. उतारवयात लोह घटण्यामागे आतड्यातून नकळत होणारा रक्तस्राव असू शकतो. गोळ्यांनी आकडा सुधारतो, आजार मात्र आत वाढत राहतो.