नवजात बाळाची आकडी आणि मेंदूचा आलेख

आमच्या लासुर्ण्यात बाळाची पाचवी पूजतात. त्या रात्री सटवाई कपाळावर नशीब लिहून जाते, असं आजी सांगायची. चार वर्षांपूर्वी भावकीतल्या एका बाळाला तिसऱ्याच दिवशी आकडी आली. एक हात ताठ, तोंड निळं, मग अंग सैल. पाचवीच्या आत दोषही ठरला: सुनेच्या माहेरचा. मी डॉक्टर नाही, पण या प्रकरणाने मला वाचायला बसवलं.

पहिली गोष्ट कळली ती ही, की तान्ह्या बाळाच्या बाबतीत नुसत्या डोळ्यांवर विसंबता येत नाही. हातपाय थरथरणं पुष्कळदा आकडी नसते. उलट मेंदूत झटका चालू असताना बाळ शांत निजलेलं दिसू शकतं. म्हणून ईईजी. जर्मनीतल्या येना शहरात हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूचे विद्युत तरंग प्रथम नोंदले, १९२९ मध्ये प्रसिद्ध केले. बाळाला पाजून निजवतात आणि डोक्याला पेस्ट लावून तारा चिकटवतात. शॉक वगैरे काही देत नाहीत. ती भीती आमच्याकडे अजून आहे, म्हणून सांगितलं.

नवजात बाळाच्या बहुतेक आकड्यांमागे जन्मताना प्राणवायू कमी पडणं, मेंदूतला रक्तस्राव, जंतुसंसर्ग, साखर उतरणं अशी कारणं असतात. जनुकाचा दोष त्यामानाने थोड्यांत. त्यातलं एक जनुक केसीएनक्यू-टू. पेशीतून पोटॅशियम बाहेर सोडणारी दारं त्याच्या आराखड्यावर बनतात. ती नीट उघडली नाहीत, की चेतलेली पेशी आवरत नाही. अशा आकड्यांचं एक कुटुंब १९६४ मध्ये व्हिएन्नात नोंदलं गेलं, जनुक सापडलं १९९८ मध्ये. याच जनुकाचा एक तीव्र प्रकारही आहे. तो बहुधा आईबापांत नसतो, बाळातच नव्याने उपजतो.

ईईजीत जनुक दिसत नाही. दिसते ती आकडीची चाल. या विकारात झटका सुरू होताना तरंग बारीक आणि वेगवान होतात, मग उसळतात आणि झटका सरताच रेघ जवळजवळ सपाट पडते. दोन झटक्यांच्या मधला आलेख सौम्य प्रकारात बराचसा नेहमीसारखा, तीव्र प्रकारात मात्र उसळी आणि सपाटी आलटून पालटून. जनुकाच्या तपासणीला वेळ लागतो, बाळाचे झटके तोवर थांबत नाहीत. आलेखावरून संशय आला, तर कार्बामाझेपिनसारखं औषध लवकर सुरू करता येतं. या विकारात ते पुष्कळदा चांगलं लागू पडतं.

दुसरा एक विकार ब-६ जीवनसत्त्वाने आटोक्यात येतो. त्यात दोष आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो. मामाची मुलगी करण्याची चाल असलेल्या आपल्या भागात हे माहीत असलेलं बरं.

आमच्या बाळाचा आलेख पाहून डॉक्टरांनी तीन पिढ्यांची चौकशी केली. तेव्हा बापाची आई म्हणाली, "ह्याच्या बापालाबी झालं हुतं की, तिसऱ्याच दिवशी. दीड महिन्यानं थांबलं." तोवर तिला कुणी विचारलंच नव्हतं. पुढे जनुकाचा अहवाल आला. दोष बापाकडूनच आलेला, सौम्य प्रकारचा. मूल आता अंगणवाडीत जातं. सुनेला कुणी काही म्हटल्याचं मात्र मी ऐकलं नाही.